पिसं गळताहेत? आधी जागा बघा

ताई, औषध आणायच्या आधी कोंबडीची पिसं कुठली गेलीत ते बघा. डोकं-मानेपासून सुरू होऊन मागे सरकत गेली, अंडी थांबली आणि कातडीवर नवे कोंब दिसत असले, तर ती वर्षाची नेहमीची पिसगळ. दोन-तीन महिन्यांत अंग भरतं. पिसांत 80 टक्क्यांहून जास्त प्रथिनंच असतात, म्हणून या दिवसांत नुसत्या कण्यांवर ठेवू नका. लेयर खाद्यासोबत (अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य) थोडी बिनमिठाची सुकट द्या. कोंबांत रक्त असतं, हात लागला की दुखतं, तेव्हा उगाच उचलू नका.

फक्त पाठ उघडी पडली तर वर चढणारा कोंबडा कारण. आठ-दहा कोंबड्यांमागे एक पुरे. खुडूक कोंबडी पोटाची पिसं स्वतःच उपटते, ते चालायचंच.

मला काळजी वाटते ती शेपटीखालची पिसं गेली तर. तिथे पिसं बाजूला करून बघा, बुडाशी पांढऱ्या लिखांचे गठ्ठे दिसले की उवा समजा. तांबडे माइट, म्हणजे रक्त पिणारे बारीक किडे, मात्र दिवसा फटीत दडतात. रात्री बॅटरी घेऊन बसायच्या दांडीखालून बोट फिरवा, रक्ताचा डाग लागला की कळलं. मग खुराडं रिकामं करून फटीन् फट धुवा. औषध जनावरांच्या डॉक्टरांनाच विचारा, आणि किती दिवस अंडी खायची नाहीत तेही.