पाच रात्री, एकच पुळण

प्रश्न : मी 68 वर्षांचा, पत्नी 65 ची. मला रक्तदाबाची गोळी चालू आहे, तिचे गुडघे दुखतात. मुलांनी दापोली, गुहागर, गणपतीपुळे, तारकर्ली असा पाच दिवसांचा बेत आखलाय. आम्हाला मात्र निवांत बसायचंय. काय करावं?

उत्तर : चारातली तीन नावं खोडा. एवढी ठिकाणं धरली तर निम्मा वेळ वळणांच्या रस्त्यावर जाईल, आणि रोज नवी गादी, नवं न्हाणीघर. त्यापेक्षा गुहागरला पाच रात्री राहा. चिपळूण स्थानकापासून ते साधारण 45 किलोमीटर आहे. पुळण लांब आणि सरळ, शिवाय कित्येक घरांच्या मागच्या वाडीतून थेट वाळूवर उतरता येतं. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत हवा सोसवते. नाताळचा आठवडा टाळा.

तारीख पंचांग बघून ठरवा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. द्वितीयेला दोनाची पाऊणपट दीड. दीडला भरती, सहा तासांनी साडेसातला ओहोटी. म्हणून पौर्णिमा-अमावास्येनंतरची प्रतिपदा ते तृतीया तुम्हाला उत्तम. सकाळ-संध्याकाळ, नेमकं चालायच्या वेळी, पाणी मागे हटलेलं असतं आणि ओली वाळू घट्ट असते. अष्टमीला ओहोटी येते भर दुपारी बाराला. हा हिशेब अर्धा-पाऊण तास चुकू शकतो, तेव्हा घरमालकांना विचारून निघा.

कोरड्या भुसभुशीत वाळूत पाय रुततो, पोटरी आणि टाच भरून येते. पुळणीला समुद्राकडे उतार असतो; एकाच दिशेने चालत राहिलं तर एका गुडघ्यावर जास्त भार येतो. वीस मिनिटं जा, त्याच वाटेने वीस मिनिटं परत या. काठीला रुंद रबरी बूड हवं, नाहीतर ती वाळूत घुसते.

खोली ठरवताना फोनवर तीन गोष्टी विचारा: तळमजला आहे का, कमोड आहे का, वाळूपर्यंत किती पायऱ्या आणि त्यांना कठडा आहे का. चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, तिथेच पाय घसरतो. कोकम सरबतात मीठ असतं, तुमच्यापुरतं बिनमिठाचं सांगा. सकाळी मऊभात मिळेल का, हेही विचारा. बहुतेक घरं आनंदाने करून देतात.

प्रश्न : निवृत्तीनंतर अशीच एकटी गेले होते. दुसऱ्याच दिवशी जीव कासावीस झाला आणि परत आले. माझं काय चुकलं?

उत्तर : तुम्ही लवकर निघालात, एवढंच. वर्षानुवर्षं घड्याळावर चाललेल्या मनाला रिकामी दुपार टोचते. पहिले दोन दिवस असेच जातात, म्हणून दोन-तीन रात्रींची सुट्टी पुरत नाही. या खेपेला दिवसाला दोनच खुंट्या ठेवा: सकाळचं चालणं आणि संध्याकाळी सातला घरी एक फोन. मधल्या वेळात ओटीवर बसा. जवळ वही ठेवा, पण आयुष्याचा जमाखर्च मांडायला घेऊ नका. तो पहिल्या दिवशी हमखास कडू निघतो. त्या दिवशी काय दिसलं, काय ऐकलं, एवढं अर्धं पान लिहा. जुन्या गोष्टी तिसऱ्या-चौथ्या दिवशी आपणहून वर येतात, तेव्हा त्या लिहाव्यात.