वाचक विचारतात : आयर्लंडचा 'लेट लेट शो'

प्रश्न : माझी भाची डब्लिनमध्ये नोकरी करते. तेथील 'द लेट लेट शो' हा गप्पांचा कार्यक्रम साठ वर्षांहून अधिक काळ चालू असून त्याने देश बदलला, असे तिला तेथील वयस्कर मंडळी सांगतात. यात तथ्य किती? याच नावाचा एक अमेरिकी कार्यक्रम होता, तो हाच का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर छोटे आहे, म्हणून ते आधी देतो. अमेरिकेतील सीबीएस वाहिनीचा त्या नावाचा कार्यक्रम 1995 मध्ये सुरू होऊन 2023 मध्ये थांबला. नावापलीकडे दोघांचा संबंध नाही, आणि वयाने आयरिश कार्यक्रम तब्बल 33 वर्षांनी मोठा आहे.

आयर्लंडची सरकारी दूरचित्रवाणी 31 डिसेंबर 1961 रोजी सुरू झाली. पुढच्याच जुलैत, उन्हाळ्यातील रिकामी जागा भरून काढण्यासाठी, काही आठवड्यांपुरता म्हणून हा कार्यक्रम घेण्यात आला. सूत्रधार होते गे बर्न, वय अवघे सत्तावीस. मधला थोडा काळ वगळता ते 1999 पर्यंत त्याच खुर्चीत बसले. कार्यक्रम थेट प्रक्षेपित होई, समोरच्या प्रेक्षकांनाही बोलू दिले जाई, आणि 1978 मध्ये दुसरी वाहिनी येईपर्यंत देशाच्या बऱ्याच भागात दुसरे काही दिसतच नसे. आजी, सून आणि नातवंडे एकाच खोलीत बसून तेच पाहत असल्यामुळे, घरात ज्या विषयाचे नावही काढले जात नसे तो विषय पडद्यावर निघाला की सर्वांनाच तो ऐकावा लागे.

याचा मासला म्हणून फेब्रुवारी 1966 मधील प्रसंग सांगण्याजोगा आहे. पती-पत्नी एकमेकांना किती ओळखतात याचा एक साधा खेळ चालला होता. मधुचंद्राच्या रात्री पत्नीच्या नाइटीचा रंग कोणता होता, असे बर्न यांनी पतीला विचारले. ती पारदर्शक होती, असे त्याने सांगितले. तोच प्रश्न पत्नीला विचारल्यावर, आपल्याला आठवत नाही, कदाचित काही घातलेच नसेल, असे उत्तर तिने दिले आणि प्रेक्षागृहात हशा पिकला. क्लॉनफर्टचे बिशप, म्हणजे कॅथलिक चर्चचे वरिष्ठ धर्मगुरू, थॉमस रायन यांनी मात्र दुसऱ्याच दिवशी प्रवचनातून कार्यक्रमावर तोफ डागली, वृत्तपत्रांनी ते प्रकरण उचलून धरले, आणि अखेर दिलगिरी व्यक्त करावी लागली. आज हे वाचताना हसू येते, पण एका नाइटीपायी राष्ट्रीय वादळ उठावे इतका चर्चचा दबदबा तेव्हा होता, हे ध्यानात घ्यावे लागते. दूरचित्रवाणी येण्यापूर्वी आयर्लंडमध्ये लैंगिकता नव्हतीच, अशा आशयाचे ऑलिव्हर फ्लॅनगन या राजकारण्याचे विधान आजही तेथे थट्टेने सांगितले जाते.

मार्च 1971 मध्ये स्त्रीमुक्ती चळवळीतील महिलांना पूर्ण कार्यक्रम देण्यात आला, तेव्हा पुढे पंतप्रधान झालेले गॅरेट फिट्झजेरल्ड घरी बसून तो पाहत होते. राजकारण्यांवरील टीका ऐकून त्यांना राहवले नाही आणि ते उठून थेट स्टुडिओत येऊन वादात उतरले. मात्र कायद्याची पावले संथ होती. संततिनियमनाच्या साधनांच्या विक्रीवर 1935 पासून असलेली बंदी सैल करणारा कायदा 1979 मध्ये झाला, तोही डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या अटीवर. घटस्फोटाला तर 1995 च्या सार्वमतापर्यंत वाट पाहावी लागली. म्हणून कार्यक्रमाने देश बदलला हे म्हणणे मला अतिशयोक्त वाटते. जे लोक खासगीत कुजबुजत होते ते त्याने चारचौघांत बोलायला लावले, इतके श्रेय मात्र निःसंशय त्याचे आहे.

बर्न स्वतः काही बंडखोर नव्हते. ब्रह्मचर्याचे व्रत घेतलेले बिशप एमन केसी यांच्यापासून मुलगा झालेल्या अ‍ॅनी मर्फी 1993 मध्ये कार्यक्रमात आल्या, तेव्हा मुलाखतीच्या अखेरीस, मुलगा वडिलांच्या निम्म्याने जरी चांगला निघाला तरी पुष्कळ, असे ते म्हणून गेले. मीही काही वाईट नाही, असे शांतपणे सुनावून मर्फी उठून निघून गेल्या. कित्येकांना ती मुलाखत त्या एका उत्तरासाठीच आठवते.

बर्न यांच्यानंतर पॅट केनी यांनी दहा वर्षे आणि रायन टब्रिडी यांनी 2023 पर्यंत सूत्रे सांभाळली. त्या वर्षीच्या सप्टेंबरपासून उत्तर आयर्लंडचे विनोदवीर पॅट्रिक किल्टी तेथे आहेत. वाहिन्यांची गर्दी झाल्यावर पूर्वीचा वचक उरला नाही. नाताळापूर्वी होणारा खेळण्यांचा खास भाग मात्र मुले पायजम्यात, उशिरापर्यंत जागून, आजही पाहतात. आपल्या भाचीला एकच भाग पाहायचा असेल, तर तिने तो पाहावा.