निगेटिव्ह प्रचाराने अध्यक्षपदाच्या निवडणुकीत पोल खरंच फिरतात का?

थोडेफार फिरतात, पण लोक समजतात तेवढे नाही. अमेरिकेतलं १९८८ घ्या, जुलैत डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनानंतर गॅलप या सर्वेक्षण संस्थेच्या पोलमध्ये त्यांचे उमेदवार डुकाकिस १७ पॉइंटने पुढे आणि नोव्हेंबरात रिपब्लिकन बुश (थोरले) ४० राज्यं मारून मोकळे. सगळे बोट दाखवतात डुकाकिसविरुद्धच्या त्या जाहिरातीकडे, ते गव्हर्नर असताना फर्लोवर (तुरुंगातून सुट्टीवर) सुटलेल्या कैद्याच्या गुन्ह्यावरची, गलिच्छ होतीच ती, वाद नाही, पण ती आली सप्टेंबरात आणि बुश तर ऑगस्टअखेरच पुढे गेले होते, अधिवेशनानंतरची उसळी तशीही टिकत नाही. अशा हल्ल्यांवर डुकाकिस बराच काळ गप्प राहिले ते मात्र नडलं. वर हेल्मेट घालून रणगाड्यात बसले, हास्यास्पद दिसले, तेच फुटेज बुशवाल्यांनी जाहिरातीत वापरलं, आयतंच मिळालं की!