चार पिंगांत शून्य लॉस, तरी संध्याकाळी लाइन अडकते: पिंगने बिघाडाची जागा शोधणे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. म्हापशाच्या दुकानातून फोंड्याच्या गोदामातले बिलिंग सॉफ्टवेअर व्हीपीएनवर (इंटरनेटवरून दोन ठिकाणे जोडणाऱ्या खासगी मार्गावर) चालते आणि संध्याकाळी ते गोठते. लाइनवाले म्हणतात आमच्याकडे सगळे ठीक. पिंग (छोटी पॅकेट पाठवून उत्तर किती वेळात येते ते मोजणारी आज्ञा) करून पाहिले तर लॉस, म्हणजे हरवलेल्या पॅकेटांचे प्रमाण, शून्य टक्के. मग चोवीस तास नजर कशी ठेवायची?

आधी त्या शून्य टक्क्यांवरचा विश्वास काढून टाका. विंडोज आपणहून चारच पॅकेट पाठवते. लाइनवर खरोखर १ टक्का लॉस असला तरी चारही पॅकेट सुखरूप परतण्याची शक्यता ९६ टक्के असते. शंभर पाठवली तरी साधारण तीन वेळांपैकी एकदा एकही हरवलेले दिसणार नाही. तीनशे पाठवून एकही गेले नाही, तर लॉस १ टक्क्याखाली आहे असे बऱ्यापैकी भरवशाने म्हणता येते. तेही त्या वेळेपुरतेच. दुपारी तीनला केलेली चाचणी रात्री साडेआठच्या गर्दीबद्दल काहीच सांगत नाही.

दुसरे म्हणजे, एकाच पत्त्याला पिंग करून बिघाडाची जागा कळत नाही. चार पत्ते एकाच वेळी चालू ठेवा. दुकानातला राउटर, बहुतेक १९२.१६८.१.१. त्यानंतर पुरवठादाराचा पहिला गेटवे, म्हणजे त्यांच्या जाळ्याचे दार: वाटेतले टप्पे दाखवणारी विंडोजची आज्ञा 'ट्रेसर्ट ८.८.८.८' चालवल्यावर दुसऱ्या ओळीत दिसतो तो, बऱ्याचदा १० किंवा १००.६४ ने सुरू होणारा. तिसरा इंटरनेटवरचा सार्वजनिक सर्व्हर, ८.८.८.८ किंवा १.१.१.१. चौथा गोदामातल्या राउटरचा व्हीपीएनच्या आतला पत्ता. गोदामाचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर तो अनेक ग्राहकांत वाटलेल्या पत्त्यांपैकी आहे. त्याला बाहेरून पिंग पोचणारच नाही, त्यात लाइनचा दोष नाही.

हे काम काउंटरवरच्या लॅपटॉपवर नको. एक रास्पबेरी पाय (लिनक्सवर चालणारा छोटा संगणक) घ्या आणि राउटरला केबलनेच जोडा. वायफायवरून घेतलेला आकडा लाइनचा नसून हवेचा असतो. आपल्याकडच्या चिऱ्याच्या जाड भिंती, त्याही पावसात ओल धरलेल्या, ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल चांगलाच खातात. केबलवरून राउटरचे उत्तर १ मिलिसेकंदाच्या आत यायला हवे. तिथेच ३० किंवा ८० दिसत असेल तर पुढचे काही तपासू नका, आधी केबल, आरजे-४५ आणि राउटर बघा. किनाऱ्याजवळच्या खाऱ्या हवेत त्या कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात. बाहेरून धड दिसणारी केबलसुद्धा अशाने पॅकेट गाळते.

पायवर आज्ञा अशी: 'पिंग -डी -ओ ८.८.८.८'. पर्यायांची दोन्ही अक्षरे इंग्रजी आणि मोठी टाइप करायची. 'डी' मुळे प्रत्येक ओळीआधी वेळ छापली जाते, 'ओ' मुळे उत्तर न आलेले पॅकेटही लगेच ओळीत दिसते. एरवी लिनक्सचे पिंग हरवलेल्याबद्दल काहीच बोलत नाही, फक्त क्रमांकात खिंडार पडते. प्रत्येक पत्त्याची वेगळी फाइल ठेवा. पॅकेट आयपी हेडर धरून ८४ बाइटचे असते. सेकंदाला एक या हिशेबाने दिवसाची ८६,४०० झाली, म्हणजे जाऊन-येऊन जेमतेम साडेचौदा मेगाबाइट. लाइनवर याचा भार पडत नाही.

आलेख हवा तर स्मोकपिंग हे पिंगचे आलेख काढणारे सॉफ्टवेअर बसवा, पण मूळ सेटिंग तसेच ठेवू नका. ते दर ३०० सेकंदांनी २० पॅकेट पाठवते, मधला बराचसा वेळ आंधळा जातो. एक मिनिटाचा झटका त्यातून सहज निसटतो. स्टेप (दोन फेऱ्यांमधले सेकंद) ६० करा. हे सुरुवातीलाच करा, कारण स्टेप किंवा पिंगांची संख्या नंतर बदलली की जुन्या आरआरडी फाइली (स्मोकपिंग नोंदी ठेवते त्या) काढून टाकाव्या लागतात आणि साठवलेला इतिहास जातो.

आता आकडे वाचणे, खरी गोम इथेच आहे. सरासरीपेक्षा किमान वेळ आधी बघा. ती रस्त्याची लांबी सांगते. फायबरमध्ये प्रकाशाला १,००० किलोमीटर जायला साधारण ५ मिलिसेकंद लागतात. ६०० किलोमीटर फायबरपलीकडच्या सर्व्हरचे उत्तर जाऊन-येऊन ६ च्या आत येऊच शकत नाही. किमान १४ होती ती एका दिवशी कायमची ३८ झाली, तर वाहतूक लांबच्या वाटेने वळवली आहे. त्यासाठी तुमचा राउटर बदलून उपयोग नाही. किमान १४ वरच आहे, पण रात्री आठ ते अकरा सरासरी ६० आणि कमाल ३०० वर जाते, तर कुठेतरी पॅकेटांची रांग लागते आहे.

रांग कुणाच्या दारात, हे त्या चार फाइलींवरून ठरवायचे. पुरवठादाराच्या गेटवेपर्यंत सगळे सपाट आणि ८.८.८.८ पाशी चढ, तर गर्दी त्यांच्या पुढच्या जाळ्यात. गेटवेपाशीच चढ असेल तर घाई करू नका, आधी दुकानातले अपलोड थांबवून बघा. बंद झाल्यावर दिवसभराचे सीसीटीव्ही रेकॉर्डिंग क्लाउडवर चढायला लागले की अपलोड भरतो, राउटरच्या बफरमध्ये (पॅकेट थांबवून ठेवण्याच्या जागेत) रांग लागते आणि लाइन निर्दोष असूनही पिंग शेकड्यांत जाते. तसे निघाले तर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरचे मुक्त सॉफ्टवेअर) असलेल्या राउटरवर एसक्यूएम, म्हणजे रांग आवरणारी सोय, चालू करून वेगाची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के ठेवा.

लॉसची टक्केवारी एकटी बघू नका, तो कसा पडतो ते बघा. सुटी एक-दोन पॅकेट दिवसभर विखरून जात असतील तर गर्दी किंवा खराब जोड. सलग शंभर-दीडशे गेली आणि मग सगळे सुरळीत झाले, तर ओएनटी (फायबरची तार जिथे येते ती दुकानातली पेटी) पुन्हा सुरू झाली असावी. तिच्या सेटिंगच्या पानावर अपटाइम, म्हणजे ती किती वेळ सलग चालू आहे, ते बघा. तोही शून्यापासून मोजत असेल तर दोष बहुधा विजेचा. पावसाळ्यात वीज नुसती डोळा मिचकावून गेली तरी ओएनटी बंद पडते आणि परत जोडली जायला दोनेक मिनिटे घेते. ओएनटी, राउटर आणि पाय तिन्ही छोट्या यूपीएसवर ठेवा. पाय विसरलात तर नोंदीतच भोक पडेल.

विंडोजचा एक सापळा माहीत असू द्या. पत्ता जाळ्यातच सापडत नसेल तर तुमचेच यंत्र 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' असे उत्तर देते आणि विंडोज ते 'मिळाले' या खात्यात धरते. खाली लॉस ० टक्के छापून येतो, प्रत्यक्षात एकही पॅकेट पलीकडे गेलेले नसते. म्हणून ओळी वाचा, नुसती बेरीज नको.

एमटीआर किंवा विनएमटीआर ही साधने वाटेतल्या प्रत्येक टप्प्याला पिंग करत राहतात; त्यांत मधल्या एखाद्या टप्प्यावर ४० टक्के लॉस दिसला म्हणून लगेच तक्रार करू नका. राउटर स्वतःला आलेल्या आयसीएमपी (पिंगच्या प्रकारच्या) विनंत्यांना सवडीने उत्तर देतात, पुढे जाणारी पॅकेट मात्र बिनबोभाट पाठवतात. तो लॉस त्या टप्प्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत टिकला तरच खरा.

पिंग स्वच्छ, पण मोठा रिपोर्ट उघडताना व्हीपीएन अडकते असे असेल तर पॅकेटच्या आकाराचा संशय घ्या. विंडोजवर 'पिंग -एफ -एल १४७२ ८.८.८.८' (इथे अक्षरे इंग्रजी पण लहान) गेले तर १,५०० चा एमटीयू, म्हणजे पॅकेटचा कमाल आकार, सुटतो. पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने जोडल्या जाणाऱ्या) लाइनवर १४६४ च्या वर जात नाही, तेही बरोबरच. हीच चाचणी गोदामाच्या आतल्या पत्त्यावर करा आणि जाणाऱ्या सर्वात मोठ्या आकड्यात हेडरचे २८ बाइट मिळवून व्हीपीएनचा एमटीयू लावा. वायरगार्ड या व्हीपीएनमध्ये तो बहुधा १,४२० असतो.

हे सगळे पाहूनही गेटवेपर्यंतच सुटा लॉस उरला, तर ओएनटीवर येणाऱ्या प्रकाशाची पातळी बघा. उणे २७ डीबीएमच्या (प्रकाशाची ताकद मोजण्याचे एकक) खाली ओएनटीला नीट ऐकू येत नाही. उणे २१ वरून पावसाच्या आठवड्यात उणे २६ झाली, तर खांबावरच्या डब्यात पाणी गेले आहे, किंवा माडाची झावळ पडून केबल कुठेतरी मुडपली आहे. कोरड्या दिवसाचा आकडा आजच लिहून ठेवा, नाहीतर तुलना कशाशी करणार? तक्रारीत तो आकडा आणि आजचा आकडा, गेटवेची फाइल, लॉसच्या नेमक्या वेळा आणि 'चाचणी केबलवरून, अपलोड बंद ठेवून' ही ओळ द्या. म्हणजे माणूस आल्यावर दुकानातला राउटर बंद-चालू करत बसणार नाही, पॉवर मीटर घेऊन थेट खांबावरच्या डब्याकडे जाईल.