सीडी घ्यावी की स्ट्रीमिंग पुरेसे आहे?

प्रश्न : स्ट्रीमिंग आणि डाउनलोडमध्ये आता ‘हाय-रेझोल्यूशन’ (सीडीपेक्षा जास्त तपशिलाने नोंदवलेले) संगीत मिळते. मग सीडी विकत घेण्यात काही अर्थ उरला आहे का?

उत्तर : केवळ आवाजाच्या दर्जासाठी घ्यायची असेल, तर फारसा नाही. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीवर ध्वनीचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने (मोजमापे), प्रत्येकी १६ बिटांचे, नोंदवलेले असतात आणि त्यांतून सुमारे २० किलोहर्ट्झपर्यंतचा, म्हणजे माणसाच्या श्रवणमर्यादेपर्यंतचा, ध्वनी पुन्हा उभा करता येतो. फ्लॅक (FLAC) या प्रकारची ध्वनी-फाइल हीच माहिती काहीही न गमावता बरीच कमी जागा घेऊन साठवते. हाय-रेझोल्यूशनचे २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ (सेकंदाला १,९२,००० नमुने) हे आकडे ध्वनिमुद्रण आणि संपादन करताना उपयोगी असले, तरी ऐकताना त्यांचा फरक ओळखणे अतिशय कठीण असते. त्यासाठी जादा पैसे मोजावेत, असे मला वाटत नाही. (त्यातच हेडफोन ब्लूटूथचा असेल, तर ध्वनी वाटेत बहुधा काही तपशील गमावून आकुंचित होतोच.)

खरा फरक मास्टरिंगमध्ये, म्हणजे प्रकाशनापूर्वी ध्वनीला दिलेल्या अंतिम रूपात, असतो. एकाच अल्बमच्या नव्या आवृत्तीत आवाजाची पातळी सरसकट चढवून हळुवार आणि जोरकस भागांमधले अंतर कमी केलेले असू शकते, आणि स्ट्रीमिंगवर अनेकदा तीच आवृत्ती मिळते. अशा वेळी जुनी सीडी शोधणे सार्थ ठरते.

मालकीचा मुद्दाही आहेच. वर्गणी थांबली किंवा सेवेचा परवाना-करार संपला, की संगीत हातचे जाते. डाउनलोड केलेली बंधनमुक्त (कॉपी करण्यावर कुलूप नसलेली) फाइल मात्र सीडीइतकीच आपली असते. सीडी घेतलीच, तर तिची फ्लॅक प्रत काढून दोन ठिकाणी ठेवावी, कारण चकतीही कालांतराने खराब होऊ शकते.