रानातली करवंदं वावरात लावायची तर आधी जाळी निवडा

रानातल्या करवंदांच्या बिया आणून नागपूरकडे लागवड जमेल का, असं तुम्ही विचारलंय. लागवड जमेल, पण बियांपासून करू नका. त्यात माझी चार वर्षं गेली.

एका गोड जाळीची, म्हणजे करवंदाच्या झुडपाची, पिकली फळं आणली, गर धुऊन बिया लगेच पेरल्या, कारण जुन्या झाल्या की त्या उगवत नाहीत. रोपं छान आली. फळं धरली तेव्हा मात्र प्रत्येक झाडाची तऱ्हा वेगळी. कुठे वाटाण्याएवढं फळ अन् आत नुसत्या बिया, कुठे पिकूनही दात आंबतील असं. आईच्या गुणाचं झाड एकच निघालं.

म्हणून आधी जाळी शोधा. मे महिन्यात फळ मधोमध कापून बघा. बोटांना चीक किती लागतो, बिया किती, गर किती. पसंत पडली की फांदीला लाल चिंधी बांधा आणि पुढच्या उन्हाळ्यात परत जाऊन चाखा. एका हंगामावर विसंबू नका.

अमेरिकेत ब्लूबेरी अशीच शेतात आली. न्यू जर्सीच्या एलिझाबेथ व्हाइट यांनी १९११ पासून वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांच्यासोबत हे काम केलं. रानात फळं वेचणाऱ्यांना त्यांनी सुमारे १६ मिलिमीटरचं भोक असलेलं माप दिलं. त्यात न मावणारी फळं देणारं झुडूप दाखवलं की पैसे मिळायचे. १९१६ मध्ये पहिला माल विकला गेला. ‘रुबेल’ या जातीला तर झुडूप शोधणाऱ्या माणसाचंच नाव आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. आपल्याकडेही चांगली जाळी कुठे आहे हे टोपली घेऊन बसणाऱ्या बायांना पक्कं ठाऊक असतं. त्यांना विचारा आणि त्या माहितीचे पैसे द्या. (ब्लूबेरी मात्र इथे लावू नका. तिला आम्लधर्मी जमीन लागते, आपली काळी माती चुनखडीची.)

निवडलेल्या जाळीवर पावसाळ्यात गुटी बांधा, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फुटू द्या, मग ती कापून लावा. सगळ्या धरत नाहीत, म्हणून हव्यात त्याच्या दुप्पट बांधा. जाळी जंगलाच्या हद्दीत असेल तर आधी वनखात्याची परवानगी, कुणाच्या धुऱ्यावर असेल तर मालकाची. तुलनेसाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण बोल्ड’ या करवंदाच्या जातीची चार रोपंही लावा. जमीन हलकी, मुरमाड बघा, पाणी साचणारी नको. पिकलं फळ दोन-तीन दिवसांत मऊ पडतं, म्हणून मी बराचसा माल कच्चाच लोणच्यासाठी विकतो.

तुमचं वावर काटोलकडे आहे की उमरेडकडे, आणि माती कशी आहे, ते लिहा. मग दोन झाडांत किती अंतर ठेवायचं ते सांगतो.