केळीची पट्टी, गेमची आयडी आणि वडिलांचं खातं

प्रश्न (यावल तालुक्यातून): २०२२-२३ मध्ये मी ऑनलाइन गेमच्या आयडी (खेळाडूची खाती), स्किन (पात्राचे पोशाख) आणि डायमंड (गेममधलं चलन) विकायचो. पैसे वडिलांच्या बचत खात्यात घेतले. यूपीआयने साडेनऊ लाख आले, पावणेबारा लाख रोख भरली. शंभराला वीस सुटायचे. तो फोन नंतर विकला. आता वडिलांना आयकराची कलम १४८-अ ची नोटीस (जुन्या वर्षाचं प्रकरण का उघडू नये, अशी विचारणा) आली आहे. तीन आठवडे कळलंच नाही, उत्तराला पाच दिवस उरलेत. गेममधल्या वस्तूंवर कर किती? एक ओळखीचे म्हणतात, सगळं केळीचं उत्पन्न दाखवा.

उत्तर: भाऊ, जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडून अशी पत्रं येतात आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, टक्के किती? टक्क्यांचं नंतर बघू. तुमचं प्रकरण कलम ६९-अ वर उभं आहे. पैशाचा मालक कोण आणि पैसा आला कुठून, एवढंच ते कलम विचारतं. मालकाला ते पटेल असं सांगता आलं नाही, तर आख्खी रक्कम त्याचं उत्पन्न धरतात. नफा नव्हे, रक्कम. त्यावर ६० टक्के कर, अधिभार आणि उपकर मिळून ७८. खर्च वजा होत नाही. तुमच्या २१ लाख २५ हजारांवर हे १६ लाख ५७ हजारांच्या वर जातं, आणि तेही वडिलांच्या पॅनवर. व्याज, दंड निराळे.

हाच व्यवहार तुमचा धंदा म्हणून, कागदांनिशी मान्य झाला तर? नफा सव्वाचार लाख. त्या वर्षी तुमचं दुसरं उत्पन्न नसेल, तर पाच लाखांच्या आत कलम ८७-अ ची सूट होती. कर बहुधा शून्य! वेळेवर विवरणपत्र भरलं असतं तर कदाचित एक रुपया पडला नसता, ते न भरता तुम्ही बापाच्या गळ्यात साडेसोळा लाखांचा धोंडा बांधलात. स्वतःचं खातं उघडायला त्या वर्षी काय झालं होतं, ते पत्रात नाही.

आता टक्के. २०२२ च्या वित्त कायद्याने ‘आभासी डिजिटल मालमत्ता’ आणली. निशाणा क्रिप्टोवर होता, पण व्याख्येत क्रिप्टोग्राफीने ‘किंवा अन्य प्रकारे’ तयार झालेला कोड, अंक, टोकन असे शब्द आहेत. त्या ‘अन्य प्रकारे’त तुमचे डायमंड बसतात असं विभाग म्हणू शकतो. मग सरळ ३० टक्के, वजावट फक्त खरेदीच्या किमतीची. उलट बाजूने, बहुतेक गेम कंपन्या आपल्या अटींत लिहितात की या वस्तूंना पैशात मोल नाही आणि त्या विकता येत नाहीत. मग ही मालमत्ता कसली, असं भांडता येतं. ३० जून २०२२ च्या अधिसूचनेने गिफ्ट कार्ड, रिवॉर्ड पॉइंट, ॲपची वर्गणी वगळली, गेमच्या वस्तूंचं नाव त्यात नाही. यावर मी पैज लावणार नाही. पण विभागाचं सगळं मान्य केलं, तरी सव्वाचार लाखांवर उपकरासह कर सुमारे १ लाख ३३ हजार. साडेसोळा लाखांशेजारी ठेवून बघा, भांडण कुठे करायचं ते कळेल.

केळीचा सल्ला देणाऱ्याचा चहा बंद करा. केळीचा पैसा कसा येतो हे अधिकाऱ्यालाही ठाऊक असतं. कटाई होते, गाडी भरते, व्यापारी क्विंटलच्या भावाने पट्टी (विक्रीची हिशेबपावती) करतो, मग एकरकमी पैसे येतात. तुमच्या खात्यात रात्री दीड वाजता १९९ रुपये येतात, तेही अनोळखी शंभर जणांकडून. एवढ्या रात्री फणीभर केळी कोण मागवतं? खोटी पट्टी जोडली की कलम २७७ खाली फौजदारी होऊ शकते, आणि कागदावर सही वडिलांची असेल.

तेव्हा उत्तरात खरं लिहा: खातं वडिलांचं, पैसा मुलाचा, धंदा आयडी आणि डायमंड विकण्याचा. सोबत तुमचं प्रतिज्ञापत्र. यामुळे पुढची नोटीस तुमच्या नावाने येऊ शकते. येऊ द्या.

यूपीआयची मला फारशी धास्ती नाही, प्रत्येक रकमेमागे देणाऱ्याचं नाव आहे. टॉप-अपच्या (डायमंड खरेदीच्या) पावत्या ईमेलमध्ये सापडतील. फोन विकलात म्हणता, ईमेल तर विकलं नाही ना? खरी अडचण रोकडीची. भुसावळचे दोन मोबाइल दुकानदार पोरांकडून पैसे गोळा करून दर आठवड्याला तुम्हाला देत, आणि वही कोणाकडेच नाही. त्या दोघांनी पॅनसह लेखी दिलं तर रोकडीला पाय फुटतील. ते टाळाटाळ करतील, कारण मग त्यांचे हिशेब उघडतील. तरीही उद्या सकाळी स्वतः जा, फोनवर हे काम होत नाही. एका दिवसात एकाकडून दोन लाख किंवा जास्त रोख घेतली असेल, तर ते तुमच्या वकिलाला आधी सांगा. त्याचा दंड निराळा आहे.

पाच दिवसांत हे जमणार नाही. म्हणून आजच आयकर पोर्टलवर मुदतवाढ मागा, आणि ती मिळालीच असं न धरता चौथ्या दिवशी हाती असेल तेवढं उत्तर टाका. गप्प राहिलात तर ‘स्पष्टीकरण दिलं नाही’ असं आदेशात येतं आणि पुढे सगळीकडे तेच वाचलं जातं. अपिलात बघू म्हणाल, तर वसुली थांबवायला साधारणपणे मागणीचा काही हिस्सा आधी भरावा लागतो. पहिलं अपील कधी बोर्डावर येईल ते देव जाणे. नंतर न्यायाधिकरण पुण्याला, उच्च न्यायालय छत्रपती संभाजीनगरला. केळीचे किती हंगाम जातील, मोजा.

धंदा पुढच्या वर्षांतही चालू असेल, तर त्या वर्षांची नोटीस येण्याआधी अद्ययावत विवरणपत्र भरा. उशिराप्रमाणे करावर २५ ते ७० टक्के जादा द्यावे लागतात. जीएसटीत हा धंदा सेवा ठरला तर २० लाखांची मर्यादा तुम्ही ओलांडली आहे. दोन्हीकडची उत्तरं एकाच माणसाकडून लिहून घ्या, नाहीतर एक कागद दुसऱ्याला खोटं पाडेल.

आणि पोर्टलवर वडिलांच्या नावापुढे सायबर कॅफेवाल्याचा ईमेल आहे, तो आज रात्रीच बदला. नोटीस तीन आठवडे त्याच्याकडेच पडून होती.